सोळाची चाकं उतरवून चौदाची चढवताना

माझ्या छोट्या गाडीला कंपनीकडूनच 16 इंची अलॉय आले होते. उभी असली की गाडी देखणी दिसायची आणि चालवली की रस्त्यावरचा खडान् खडा पाठीला कळायचा. दोन वर्षांत एका टायरला फुगा आला, एक रिम वाकली. दोन्ही वेळा खड्डाच. म्हटलं, देखणेपण पुरे झालं, आता रबर हवं. सध्या गाडी 14 इंची स्टीलच्या रिमवर चालते, ऑल-सीझन म्हणजे बारमाही टायर घालून.

आधी कागद-पेन घ्या. जुन्या टायरवर 195/45 R16 लिहिलं होतं. 195 मिलिमीटर रुंदी, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 45 टक्के, आणि रिम 16 इंच. वरची-खालची भिंत आणि रिम मिळून चाकाचा व्यास 581.9 मिलिमीटर. नवा आकार 175/65 R14, त्याचा व्यास 583.1. म्हणजे फरक जेमतेम सव्वा मिलिमीटर, पण भिंत 88 वरून 114 मिलिमीटरवर गेली. पेरभर जास्त रबर, सगळा खटाटोप त्याच्यासाठी. रिम लहान केली आणि 45 तसाच ठेवला तर मात्र चाक 531 मिलिमीटरचं होतं. काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी 91 च्या आसपास असते. निवडलेला आकार गाडीच्या पुस्तकात किंवा कागदपत्रांत मान्य आहे ना, तेही बघा. नसेल तर विमा कंपनीशी आधी बोलून घ्या.

खरी अडचण ब्रेकची. ‘याच गाडीच्या खालच्या मॉडेलला चौदाची चाकं येतात’ एवढ्यावर विसंबू नका. वरच्या मॉडेलच्या पुढच्या डिस्क मोठ्या असू शकतात. मी आधी एकच रिम मागून आणली, टायर न चढवता पुढे लावली, सगळे बोल्ट आवळले आणि भाच्याला म्हटलं, हाताने सावकाश फिरव. अर्ध्या फेरीत करकर ऐकू आली. कॅलिपरची, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखं पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाची, कड रिमला आतून घासत होती. दुसरी रिमही चौदाचीच, पण तिचा आतला आकार वेगळा. ती आवाज न करता फिरली. फट किती हे बघायला कॅलिपरवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा चिकटवला आणि पुन्हा फिरवलं. गोळा चेपून जेवढा उरला, तेवढी फट. माझी चार मिलिमीटर भरली.

त्यातही फसलेच. बॅलन्सिंग करणाऱ्याने चिकटवायची वजनं नेमकी रिमच्या आत, कॅलिपरसमोर लावली. घरी येईपर्यंत टक्-टक्-टक्, आणि एक वजन निम्मं झिजलेलं. वजनं कुठे लावायची हे आधीच सांगून ठेवा.

रिम घेताना बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास तंतोतंत जुळायला हवा. 4×98 आणि 4×100 डोळ्यांना सारखेच दिसतात, पण ‘बसवून टाकू’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या. मधलं भोक हबवर, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या गाडीच्या मधल्या भागावर, घट्ट बसायला हवं. मोठं असेल तर मधे रिंग लागते. रिमवरचा ईटी आकडा चाक किती आत बसतं ते मिलिमीटरमध्ये सांगतो; तो कमी असेल तर चाक तेवढं बाहेर येतं. अलॉयचे बोल्ट स्टीलच्या रिमला चालतीलच असं नाही, त्यांची लांबी आणि डोक्याखालचा उतार वेगळा असतो.

टायर घेताना तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह शोधा. बर्फावर ठरलेली चाचणी पार केलेल्या टायरवरच ते येतं. नुसतं ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) हा बनवणाऱ्याचा दावा असतो. भार-अंक पुस्तकात दिलाय त्यापेक्षा कमी नको. माझ्या गाडीला 82 लागतो, म्हणजे एका टायरवर 475 किलो. उत्पादनाच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: 2323 म्हणजे 2023 चा तेविसावा आठवडा. बारमाही टायर ही तडजोड आहे, हेही मान्य करून घ्या. कडक उन्हात उन्हाळी टायर लवकर थांबवतो, जाड बर्फात हिवाळी. माझ्याकडे चार जादा चाकं ठेवायला जागा नाही, म्हणून मी मधला रस्ता धरला.

बसवताना गाडी उचलायच्या आधी बोल्ट सैल करा. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. पापुद्रा राहिला तर चाक डुगडुगतं आणि दोष बॅलन्सिंगवर येतो. टायरवर बाण असेल तर तो पुढच्या दिशेने. बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे. शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर, टॉर्कच्या पान्याने, पुस्तकातल्या आकड्याइतका. हवा नव्या आकाराला लागते तेवढी भरा, जुन्या सवयीने नको. हवेचे सेन्सर जुन्या चाकांत असतील तर ते हलवावे लागतील, नाहीतर दिवा पेटलेलाच राहतो.

पहिले दोन-चार दिवस स्टिअरिंग आळसावल्यासारखं वाटलं, वळणावर गाडी अर्धा श्वास उशिरा वळायची. मग सवय झाली. 50 ते 100 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. माझा एक पाव फेरी आवळला गेला. आणि पान्याबरोबर स्टेपनीच्या रिमला चालणारे चार बोल्ट डिकीत टाकून ठेवा. आमची स्टेपनी अजून अलॉयच आहे, त्यामुळे मी दोन्ही संच जवळ बाळगते, वेगवेगळ्या रंगाच्या पिशव्यांत.