कुंडीतल्या मातीत मधमाशी शिरते आहे? हंगामभर ती कुंडी हलवू नका

ऊन वाढलं की कुंड्यांच्या मातीत पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसायला लागतात आणि त्यांतून एखादी माशी सारखी आत-बाहेर करताना आढळते. अशा वेळी अनेक जण भोकात पाणी ओततात, नाहीतर कीटकनाशकाची भुकटी टाकतात. कृपा करून यातलं काहीही करू नका. आत कोण आहे ते आधी पाहा. बहुतेक वेळा ती एकटी राहणारी मधमाशी असते, झाडाला तिच्यापासून धोका नसतो, आणि तिचं काम उरकेपर्यंत कुंडीला धक्का न लावणं एवढंच आपल्याकडे असतं.

मधमाशी म्हटलं की पोळं, राणी आणि मध आठवतो. पण जगात मधमाश्यांच्या २०,००० पेक्षा जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य एकांड्या आहेत. प्रत्येक मादी आपलं बीळ स्वतः शोधते किंवा खणते, पिलांसाठी पराग आणि मकरंद साठवते, अंडी घालते आणि बीळ बंद करून निघून जाते. राखायला पोळं नसल्यामुळे ती माणसाच्या मागे लागत नाही. हातात धरली किंवा पायाखाली आली तरच डंख मारते. नराला तर नांगीच नसते.

कुंडीत सर्वांत जास्त सापडते ती पाने कापणारी माशी. गुलाब, बोगनवेल अशा झाडांच्या पानांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गुळगुळीत अर्धगोल दिसले की तीच असं समजा. अळीने खाल्लेलं पान वेडंवाकडं कुरतडलेलं असतं आणि आसपास विष्ठेचे दाणे पडलेले असतात. इथे तसं काही दिसत नाही, कारण ही माशी पान खात नाही. कापलेला तुकडा पोटाखाली धरून ती बिळात नेते, त्याची सुरळी करून छोटी कोठडी तयार करते, तीत पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं घालते. मग पुढची कोठडी, एकाला एक लागून. आतल्या कोठड्यांत सहसा मादीची अंडी असतात आणि दाराजवळच्या कोठड्यांत नराची, म्हणजे बाहेर पडायची पाळी नरांची आधी येते. पराग ती पायांवर न आणता पोटाच्या खालच्या केसांवर आणते. उडताना पोट पिवळंधमक दिसलं तर शंका उरत नाही.

पानं कापली म्हणून फवारणी करणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवं, की त्याने काही साधत नाही. ती पान गिळत नसल्यामुळे पानावरचं विष तिला रोखत नाही, आणि वाढलेल्या झाडाचं तेवढ्या कापणीने नुकसानही होत नाही. रोप अगदी कोवळं असेल, चार-सहा पानांचंच, तर त्यावर दोन-तीन आठवडे बारीक जाळी टाका.

दुसरी पाहुणी आहे निळसर पट्ट्यांची माशी. ही मऊ मातीत बीळ करते. टोमॅटो, वांगी लावणाऱ्यांनी हिला जपायलाच हवं. या फुलांचा पराग परागकोशांत बंद असतो आणि टोकाच्या बारीक छिद्रांतून किंवा फटींतूनच बाहेर पडतो. ही माशी फुलाला पकडून अंगाचे स्नायू जोरात थरथरवते आणि पराग झाडून घेते. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. कुंडीतल्या वांग्याला फुलं येतात पण फळ धरत नाही अशी तक्रार असेल, तर खत वाढवण्याआधी झाडावर अशा माश्या येतात का ते बघा.

भोकातून मुंग्यांची रांग निघत असेल तर प्रकरण वेगळं. माशी मेलेली वा सुन्न केलेली अळी किंवा नाकतोडा ओढून आत नेत असेल तर ती शिकारी गांधीलमाशी आहे. एकांडी असेल तर तीही असू द्या, कीड कमी करते. मात्र एकाच भोकातून एकामागून एक अनेक माश्या सतत जात-येत असतील तर ती वसाहत समजा. लांब राहा, मुलांना आणि जनावरांना तिकडे फिरकू देऊ नका आणि जाणकाराला बोलवा. सातेरीसारखी पोकळीत राहणारी मधमाशी कधीकधी पालथ्या रिकाम्या कुंडीत संसार थाटते. ती कुंडी उचलून पाहू नका, मधमाशीपालकाला कळवा. फांदीला लोंबकळलेला माश्यांचा घोस बऱ्याचदा वाटेत विसावलेला थवा असतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तो आपणच उडून जातो. त्याला धूर, पाणी, दगड यांतलं काहीही नको.

आता पाण्याचं. बीळ असलेल्या कुंडीला वरून धार सोडू नका. भोकाच्या विरुद्ध बाजूने, कडेकडेने, बारीक तोंडाच्या झारीने सावकाश पाणी द्या, किंवा खालच्या ताटलीत पाणी ठेवून माती खालून भिजू द्या. माती चिखल झाली की आतल्या परागाला बुरशी लागते आणि पिलं मरतात. खरं तर माशी ती कुंडी निवडते याचं कारणच वरची माती कोरडी आणि भुसभुशीत असते. म्हणून ज्या कुंड्यांत बीळ नको असेल, त्यांची माती सारखी ओलसर ठेवा आणि वर खडे किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. त्याच वेळी एका जुन्या कुंडीत वाळूमिश्रित माती भरून ती सकाळचं ऊन मिळेल पण पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवून द्या. नुसतं हुसकण्यापेक्षा हा उपाय मला कितीतरी चांगला वाटतो.

कुंडी हलवायची नाही यालाही कारण आहे. बीळ पक्कं करताना माशी भोकाकडे तोंड करून हवेत घिरट्या घालते आणि आसपासच्या खुणा लक्षात ठेवते. कुंडी काही फूट सरकली तरी तिला बीळ सापडत नाही आणि अर्धवट भरलेल्या कोठड्या तशाच राहतात. भोक मातीने किंवा पानांनी बंद झालेलं दिसलं की अंडी घालणं संपलं. त्यानंतर उबदार हवेत काही आठवड्यांत नवी पिढी बाहेर पडते, थंडीच्या प्रदेशात ती पुढच्या हंगामापर्यंत आत थांबते.

आंतरप्रवाही दाणेदार औषधं कुंडीत टाकणं या काळात पूर्ण बंद ठेवा. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळांतून वर चढतं आणि पराग-मकरंदातही उतरतं. मातीत बीळ करणारी माशी तर त्याच मातीत राहते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांचा उघड्यावरचा वापर मधमाश्यांच्या धोक्यामुळेच बंद केला. मावा, पिठ्या ढेकूण दिसले तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, पुसून काढा, लागण झालेली फांदी छाटा. फवारावंच लागलं तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी आणि उमललेली फुलं टाळून.

ओल्या मातीवर गर्दी करणाऱ्या माश्या फक्त तहानलेल्या असतात. उथळ ताटलीत खडे ठेवून त्यांचे माथे वर राहतील एवढंच पाणी घाला आणि डास होऊ नयेत म्हणून ते दर दोन दिवसांनी बदला. ताटली माणसांच्या वावरापासून दूर आणि ऊन कडक व्हायच्या आधीच ठेवा, कारण एकदा पाण्याची जागा ठरली की माश्या ती सहज सोडत नाहीत.

डंख झालाच आणि नांगी कातडीत अडकली असेल तर ती लगेच खरवडून काढा. कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं. जागा धुऊन थंड पट्टी ठेवा. श्वास लागणं, चेहरा किंवा जीभ सुजणं, चक्कर येणं यांपैकी काही दिसलं तर घरी उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

रोपवाटिकेत कुंडी बदलणं टाळता येत नसेल आणि मातीतून पानांच्या सुरळ्या निघाल्या, तर त्या फेकू नका. दाबू नका, उलटसुलट करू नका. ज्या बाजूने निघाल्या तशाच कोरड्या मातीच्या थरावर भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा, वर हलकी माती पसरा आणि डबा सावलीत, मुंग्या आणि पाणी लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. माश्या बाहेर पडू शकतील एवढी भोकं मोठी आहेत ना, ते आधी बघून घ्या.