जुना डीएसएलआर की सुपरझूम? पैसे देण्याआधी या चुका टाळा

हिवाळा तोंडावर आला की नाशिकमधल्या हौशी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. ओळखीत कुणीतरी जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) विकतोय, साधारण तेवढ्याच पैशांत सेकंड हँड सुपरझूमही (खूप लांब झूमची, पण न बदलता येणारी लेन्स असलेला कॅमेरा) मिळतोय, काय घेऊ? बहुतेक जण उत्तरादाखल एखादं मॉडेल सांगून मोकळे होतात. मी आधी विचारतो, फोटो कशाचे काढायचेत? नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, रामकुंडावरची संध्याकाळची आरती, रंगपंचमीची रहाड (रंगीत पाण्याचा हौद) आणि घरात पळणारं लहान मूल, या चारही गोष्टी सारख्याच छान टिपणारा कॅमेरा या पैशांत मिळत नाही. यातलं आपलं नेमकं काय, ते ठरवा आणि मगच दुकानाची पायरी चढा.

फक्त बॉडीच्या किमतीकडे बघणं

जुन्या डीएसएलआरच्या बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, आता बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत. कॅनन ६००डी, ७००डी, निकॉन डी३२००, डी५२००, डी७००० असं काहीतरी १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्ससकट (कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या लेन्ससकट) मिळतं आणि सौदा फायद्याचा वाटतो. मग पहिल्याच रविवारी निफाडची वाट धरून नांदूरमध्यमेश्वर गाठलं जातं आणि निरीक्षण मनोऱ्यावरून काढलेल्या फोटोत जांभळी पाणकोंबडी तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. दोष कॅमेऱ्याचा नसतो. पक्ष्यांसाठी जी लेन्स लागते, तिचे पैसे हिशेबात धरलेलेच नसतात.

बरं, ५५-२५० ची टेलिफोटो लेन्स घेतली तरी कुठवर पोहोचता येतं? कॅननच्या या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) २५० मिलिमीटरचा आवाका फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, भाषेत ४०० होतो. निकॉन पी९०० हा २०१५ सालचा सुपरझूम २००० पर्यंत जातो. म्हणजे तेवढाच मोठा पक्षी हवा असेल तर डीएसएलआरचा फोटो लांबी-रुंदीत पाचपट कापावा लागतो. १८ मेगापिक्सेलमधले एक मेगापिक्सेलही हातात राहत नाहीत, जेमतेम ०.७ उरतात. फोटो फाटणारच. डीएसएलआरवर त्या अंतराच्या जवळपास जायचं तर ६०० मिलिमीटरची लेन्स लागते. तिची किंमत जुन्या बॉडीच्या कितीतरी पट असते आणि वजन दोन किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुख्य हौस लांबच्या पक्ष्यांची आणि बजेट आखडतं असेल, तर सुपरझूम घ्या. डीएसएलआर ‘खरा कॅमेरा’ आणि सुपरझूम खेळणं, असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. दुपारच्या उन्हात निवांत बसलेल्या खंड्याचा फोटो पी९०० जितका भरगच्च देतो, तितका जुना डीएसएलआर आणि ५५-२५० ही जोडी देऊ शकत नाही.

‘किती एक्स?’ एवढंच विचारणं

एक्स म्हणजे लेन्सच्या सर्वांत लांब आणि सर्वांत रुंद टोकातलं गुणोत्तर. कॅनन एसएक्स५० चे ५०एक्स म्हणजे २४ ते १२०० मिलिमीटर, एसएक्स७० चे ६५एक्स म्हणजे २१ ते १३६५. त्यामुळे एक्स पाहू नका, शेवटचा मिलिमीटरचा आकडा पाहा. विक्रेता ‘शंभर एक्स’, ‘एकशे सहासष्ट एक्स’ म्हणू लागला तर त्यात डिजिटल झूम मिसळलेला आहे, हे ओळखा. डिजिटल झूम म्हणजे मधला तुकडा कापून ताणणं. ते काम घरी कॉम्प्युटरवर जास्त नीट होतं. कॅमेरा हातात आला की मेन्यूमध्ये जाऊन डिजिटल झूम बंदच करून टाका.

एवढा लांब झूम एवढ्याशा कॅमेऱ्यात मावतो तो सेन्सर छोटा असल्यामुळे. या कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. जुन्या निकॉन डीएसएलआरचा २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळात सुमारे १३ पट फरक पडतो. भरपूर उजेड असेल तर हा फरक छोट्या प्रिंटमध्ये किंवा मोबाइलवर जाणवतही नाही. उजेड कमी झाला की मात्र तोच सगळ्यात आधी दिसतो.

आणखी एक. खिशात मावणारे सुपरझूम आणि डीएसएलआरसारखी पकड असलेले सुपरझूम हे दोन वेगळे प्रकार आहेत. कॅनन एसएक्स७४० सारख्या खिशातल्या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकीच नाही. मार्च-एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात मागच्या स्क्रीनवर काहीही दिसत नाही आणि ९६० मिलिमीटरवर हात लांब धरून उडणारा वेडा राघू शोधायचा म्हणजे निव्वळ मनस्ताप. प्रवासाला तो छान आहे, पक्ष्यांसाठी व्ह्यूफाइंडर असलेलाच घ्या.

हवेचा दोष कॅमेऱ्यावर ढकलणं

नांदूरमध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळचं पाणथळ. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झालं. तिथे पक्षी मुबलक, पण बरेचसे मनोऱ्यापासून लांब पाण्यात असतात. सुपरझूम घेतलेली मंडळी आरामात नाश्ता उरकून साडेदहा-अकराला पोहोचतात, २००० मिलिमीटरपर्यंत झूम करतात आणि घरी येऊन म्हणतात, ‘फोकसच लागत नाही, कॅमेरा खराब निघाला.’

तो खराब नसतो. ऊन चढलं की तापलेल्या बांधावरची आणि पाण्यावरची हवा थरथरू लागते. त्या थरातून दोनशे-तीनशे मीटरवरचा शेकाट्या बघितला तर त्याच्या लाल पायांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. ट्रायपॉड लावा, शटर वाढवा, लेन्स बदला, काही फरक पडत नाही. पाच लाखांची लेन्सही तिथे हतबल होते. उपाय दोनच, सकाळी लवकर जा आणि अंतर कमी असेल तिथेच शटर दाबा. खात्री करायची असेल तर त्याच वेळी पंधरा-वीस मीटरवरचा एखादा बगळा काढा. तो स्वच्छ आला तर कॅमेरा निर्दोष आहे.

लवकर जाण्यातही एक मेख आहे आणि ती सुपरझूमवाल्यांनी समजून घ्यायला हवी. पूर्ण झूमवर पी९०० चं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं तोंड, आवळून एफ/६.५ होतं (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). डिसेंबरात सूर्य नुकताच वर आला असताना आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० वर शटर साधारण १/२०० सेकंदाच्या आसपास मिळतं. बसलेल्या पक्ष्याला ते चालेल. उडणाऱ्या चक्रवाकाला १/१००० तरी हवं, त्यासाठी आयएसओ ४००० च्या घरात न्यावा लागतो आणि एवढ्या छोट्या सेन्सरवर तेव्हा पिसांचा नुसता लगदा होतो. याउलट स्वच्छ ऊन पडलं की आयएसओ २०० वरच १/१५०० मिळून जातं. तेव्हा पहिला अर्धा तास धुकं, पाणी, होड्या, थव्यांच्या आकृत्या असं रुंद काहीतरी काढा. साडेसात-आठपासून साडेनऊपर्यंतचा वेळ जवळच्या पक्ष्यांसाठी राखून ठेवा.

फोकस चुकला म्हणून कॅमेरा विकायला काढणं

पाणवनस्पतींच्या पात्यांमागे वारकरी पक्षी बसलाय, फोटोत पाती धारदार आणि पक्षी धूसर, ही तक्रार दोन्ही कॅमेऱ्यांवर येते. कारणही एकच: फोकसची जागा कॅमेऱ्यावर सोपवलेली असते आणि तो समोर जे सर्वांत जवळ आहे ते पकडतो. डीएसएलआरवर एकच, मधला फोकस पॉइंट निवडा. सुपरझूमवर फोकसची चौकट सर्वांत लहान करून मध्यभागी ठेवा.

मोबाइलची सवय असलेल्यांची आणखी एक अडचण होते. ते जुना डीएसएलआरही हात लांब करून, मागच्या स्क्रीनवर बघून वापरतात. २०१०-१२ च्या सुमाराच्या बॉडीचा स्क्रीनवरून लागणारा फोकस फारच संथ असतो. तोच कॅमेरा डोळ्याला लावला की दुसरी, वेगवान फोकस पद्धत चालू होते. दिसणं धूसर वाटलं तर व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक तुमच्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवून घ्या. उडत्या पक्ष्यांत म्हणूनच आजही जुना डीएसएलआर सुपरझूमला मागे टाकतो. तुमचं मन भोवत्या, घारी, अंजनेरीच्या कड्यांवर घिरट्या घालणारी गिधाडं यांत रमत असेल, तर वर दिलेला माझा सल्ला उलटा करा आणि डीएसएलआर घेऊन लेन्ससाठी पैसे साठवा.

सुपरझूमवर पक्षी चौकटीतच सापडत नाही, असं झालं तर पूर्ण झूम करून शोधू नका. पी९०० वर झूम क्षणभर मागे घेणारं बटण आहे, कॅननच्या एसएक्स५० वरही तशी सोय आहे. ते दाबून धरा, पक्षी मध्यभागी आणा, बटण सोडा. लेन्स पुन्हा पहिल्या झूमवर जाते. सवय व्हायला वेळ लागतो, पण याच्याशिवाय हा कॅमेरा अर्धाच वापरला जातो. मनोऱ्याच्या कठड्यावर धान्य भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली तर हलणंही बरंच थांबतं. ट्रायपॉडवर कॅमेरा असेल तेव्हा फोटो हलू न देणारं कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद करा.

पांढरे पक्षी नुसतेच चुन्यासारखे उजळ येत असतील तर एक्स्पोजर -०.७ किंवा -१ वर न्या. आकाशासमोर उडणारा पक्षी काळा येत असेल तर उलट +१.

आरती आणि रहाडीला झूम घेऊन जाणं

रामकुंडावर दिवेलागणीला झूमचा उपयोग फारसा नाही, उजेड गोळा करणारी लेन्स हवी. इथे जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटर एफ/१.८ ही स्वस्तातली जोडी सुपरझूमला सहज मागे टाकते. किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा ती जवळपास दहापट उजेड आत घेते. किटवर १/८ शटर येऊन सगळे चेहरे हलतात, तिथे हिच्यावर १/८० मिळतं. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी म्हणून कॅमेरा घेत असाल तर हे लक्षात ठेवा. गर्दीत पुढे जाता येणार नाही म्हणून झूम हवा, हे खरं आहे, पण शाही स्नानाची लगबग उजाडण्याआधीच सुरू होते. तेव्हा सुपरझूम रुंद टोकालाच (पी९०० वर एफ/२.८) वापरला तरच निभाव लागतो. झूम करत गेलात की अॅपर्चर आवळत जातं.

तिवंधा किंवा शनी चौकातल्या रहाडीला तर सुपरझूम नेऊच नका. लेन्सची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते, हवेबरोबर रंगाची पूड आत जाते आणि ती सेन्सरपर्यंत पोहोचली की सगळा लेन्सचा भाग उघडल्याशिवाय निघत नाही. डीएसएलआरवर निदान लेन्स काढून सेन्सर साफ करता येतो. अर्थात तिथे त्यालाही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि लेन्स बदलायची ती घरी गेल्यावर.

माउंट जुळला म्हणजे लेन्स चालेल, असं समजणं

माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची जागा. निकॉनवाल्यांनी इथे फार सावध राहायला हवं. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. डी९० आणि डी७००० मध्ये मोटर आहे, पण नव्या एएफ-पी लेन्सचा फोकस त्यांच्यावर चालत नाही. डी३१००, डी३२००, डी५१०० यांवर दोन्ही अडचणी. त्यांच्यासाठी एएफ-एस शोधा. कॅननच्या ५५०डी, ६००डी, ७००डी वर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही चालतात, आरएफ बसतच नाही.

सेकंड हँड घेताना घाई

सौदा दिवसाउजेडी करा आणि स्वतःचं कार्ड घेऊन जा. डीएसएलआरची लेन्स काढा, मोबाइलचा टॉर्च मागून टाका आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईची दमट हवा किंवा इगतपुरी-त्र्यंबकचे पावसाळे पिशवीतच काढलेल्या लेन्सला ती हमखास धरते. चार धुळीचे कण दिसले तर घाबरू नका, बुरशी दिसली तर सौदा सोडा.

मग एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा. निकॉनमध्ये शटर किती वेळा उडालंय ते फोटोच्या माहितीत वाचता येतं. डी७००० चं शटर १,५०,००० साठी तपासलेलं आहे, डी९० चं १,००,००० साठी. कॅननच्या बऱ्याच बॉडींत तो आकडा फोटोत लिहिला जात नाही, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवा, डुलली तर फुगलेली आहे.

सुपरझूमची परीक्षा वेगळी. कॅमेरा चालू-बंद करा, झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत पुनःपुन्हा न्या आणि कान देऊन ऐका. करकर आवाज, मध्येच अडखळणं किंवा स्क्रीनवर लेन्सची एरर आली, तर किंमत कितीही कमी केली तरी घेऊ नका. या कॅमेऱ्यात लेन्स बदलता येत नाही आणि दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या किमतीजवळ जातो. पूर्ण झूमवर लांबच्या इमारतीवरची पाटी वाचता येते का, तेही बघून घ्या, फक्त भर दुपारी नको. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फोटोत) काम करायचं असेल तर पी९०० मध्ये ती सोय नाही. पी९५०, एसएक्स५० आणि एसएक्स७० मध्ये आहे.

घरी आणल्यावर पावसाळ्यापुरता कॅमेरा पिशवीतून काढा, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि दर आठवड्याला बाहेर काढून दहा-वीस फोटो काढत राहा.