सासर गडहिंग्लजला, माहेर निपाणीला: अर्ज कुठं करायचा?

सीमाभागात घरच्या छळाच्या तक्रारीत बाईला मदत करताना पहिला घोळ हद्दीचा: सासर महाराष्ट्रात, माहेर कर्नाटकात. बाई माहेरी आलेली असते आणि ठाण्यात सांगतात, "तिकडं जावा." गरज नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005, कलम 27: ती तात्पुरती राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही अर्ज चालतो. संरक्षण अधिकाऱ्याकडून (कर्नाटकात सहसा सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी) घटना अहवाल भरून घ्या.

कर्नाटकातल्या ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहितात. सहीआधी तो शब्दन् शब्द मराठीत समजावून घ्या. तारीख किंवा मारायला काय वापरलं हे गळलं की पुढं उलटतपासणीत केस ढिली पडते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागाच.

सासरच्यांसमोर तिला काही विचारू नका. परत फोन किती वाजता, कुठल्या नंबरवर, हे तीच ठरवेल. मुलगी अठराच्या आतली आणि लैंगिक अत्याचार असेल, तर पॉक्सोनुसार (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारक: 1098 (चाइल्डलाइन) किंवा 112 (पोलीस).