घरी गाडी बांधायची का? वेल्डिंग मशीन घेण्याआधी ठरवायच्या गोष्टी

गाडी चालवणार कुठे, हे सगळ्यात आधी ठरवा. इंजिन कोणतं, पाइप कोणता, सीट किती, हे सगळं त्याच्यामागून येतं. उत्तर 'रस्त्यावर' असेल तर बेत तिथेच थांबवावा लागतो. का थांबवावा लागतो, तेही नीट समजून घ्या, कारण "आरटीओत ओळख आहे, होऊन जाईल" असं सांगणारे जागोजागी भेटतात.

इंग्लंडमध्ये १९५७ साली लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांत मिळू लागली. तयार गाडीवरचा खरेदी कर त्यामुळे वाचायचा. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम बनवते आणि आजही किटमध्ये विकते. तिकडे घरी जोडलेली एकटी गाडी तपासणी केंद्रावर नेता येते आणि पास झाली की तिला नंबर मिळतो. आपण मोबाइलवर पाहतो ते व्हिडिओ बहुतेक अशाच देशांतले.

आपल्याकडे तशी सोय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे उत्पादकाने प्रत्येक मॉडेलचा नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून पास करून घ्यायचा असतो. ब्रेकपासून धुरापर्यंत सगळ्या चाचण्या त्यात येतात, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या धुराच्या मानकाची अट आहे. नवीन गाडीच्या नोंदणीला विक्रीचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ लागतो. घरी बांधलेल्या गाडीचे हे दोन्ही कागद देणार कोण? त्यामुळे एमएच-२० असो, एमएच-२४ असो की एमएच-२६, कार्यालय कोणतंही असलं तरी नोंद करण्यासारखं त्यांच्या हातात काही नसतं.

मग दुसरी पळवाट पुढे येते: जुन्या ओम्नीचं आरसी आहेच, तिच्यावरच नवी बॉडी चढवू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच अडवतं. आरसीवर लिहिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरफाराला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीच नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, शिवाय गाडी जप्त होते ती वेगळी.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराची भंगारातून बनवलेली छोटी जीप बऱ्याच जणांना आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं, पण त्याच वेळी लिहिलं की ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो दिली. एवढं नाव झालेल्या गाडीलाही नंबर मिळाला नाही, हे लक्षात ठेवा.

आता 'शेतात चालवू' म्हणणाऱ्यांसाठी. कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जायचा-यायचा हक्क आहे अशी कोणतीही वाट त्यात येते, म्हणजे शिवरस्ता आणि पाणंदसुद्धा. गावातल्या घरून मळ्यात गाडी चालवत नेणं त्यात बसत नाही. ती छोट्या हत्तीत घालून न्यावी लागेल, नाहीतर मळ्यातच शेड हवं. नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमाही नाही. कोणाला लागलं तर सगळा खर्च आणि जबाबदारी तुमची, म्हणून भावकीतल्या पोरांना चक्कर मारून आणणं पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. आणि आपलं काळं रान पाऊस पडला की चाकाला धरतं. मृगापासून दिवाळीपर्यंत रेगडीत ही गाडी हलणार नाही. मुरूम टाकलेला ट्रॅक असेल तरच बारमाही उपयोग, नाहीतर धरून चाला की गाडी उन्हाळ-हिवाळ्याचीच.

एवढं मान्य असेल, किंवा तुम्ही अभियांत्रिकीला असाल आणि कॉलेजचा संघ बाहा स्पर्धेत (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या कच्च्या वाटेवरच्या गाड्यांची स्पर्धा) उतरणार असेल, तर गाडी बांधणं करण्यासारखं काम आहे आणि त्यातून मिळणारं शिक्षण दुसरीकडे कुठे मिळत नाही. पुढचं सगळं अशा लोकांसाठी.

जागा किमान १२ बाय २० फूट हवी, वर पत्रा आणि खाली सपाट कोबा. गाडीच १२ बाय ५ फुटांच्या आसपास होते आणि चारही बाजूंनी माणूस वाकून काम करू शकला पाहिजे. वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे करा. इंग्लंडमधलं तयार किट जोडायला शंभर तासांच्या आसपास लागतात, पण तिथे सगळी भोकं पाडून आलेली असतात. चेसिस स्वतः बांधायची तर ४०० तास धरा. दर रविवारी सहा तास दिले तर ६७ रविवार होतात. त्यात पेरणी, सुगी आणि लग्नसराईचे रविवार वजा केले की दोन वर्षं आलीच.

विजेचं पाहा. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन सिंगल फेजवर चालतं आणि २.५ मिमीच्या रॉडला ७० ते ९० अँपिअर पुरतात. अडचण होते ती डिम लाइटची. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की आर्क (वेल्डिंगची ठिणगी) टिकत नाही, रॉड चिकटतो आणि जोडात स्लॅग, म्हणजे रॉडचा मळ, अडकतो. वरून असा जोड चांगला दिसतो, आतून पोकळ असतो. म्हणून मल्टीमीटर लावून आठवडाभर वेगवेगळ्या वेळी व्होल्टेज लिहून ठेवा आणि चेसिसचं वेल्डिंग त्यातल्या चांगल्या वेळेलाच करा. मोटारीच्या शेती जोडणीवर वेल्डिंग करू नका, ते कनेक्शन त्यासाठी दिलेलं नसतं.

पाइपाच्या बाबतीत फसगत दुकानातच सुरू होते. बाहासारख्या स्पर्धेत मुख्य पिंजऱ्याला, म्हणजे गाडी उलटली तर माणसाला वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्याला, २५.४ मिमी बाहेरचा व्यास आणि सुमारे ३ मिमी जाडीचा स्टीलचा पाइप चालतो. घरच्या बगीलाही (अशा पाइपांच्या उघड्या गाडीलाही) याहून कमी घेऊ नये. हार्डवेअरच्या दुकानात "एक इंची पाइप द्या" म्हटलं तर दोनपैकी एक गोष्ट हातात पडते. एक तर फर्निचरचा १८ गेजचा, म्हणजे जेमतेम १.२ मिमी जाडीचा पाइप. नाहीतर नळाचा एक इंची, ज्याचा बाहेरचा व्यास ३३ मिमीच्या वर असतो. म्हणून व्हर्नियर खिशात ठेवा आणि बाहेरचा व्यास नि जाडी दोन्ही दुकानातच मोजा. जीआय पाइप तर नकोच. जस्ताचा धूर छातीत जाऊन रात्री ताप भरतो आणि जोडात बुडबुडे राहतात. जालन्याचं नाव लोखंडासाठी मोठं आहे, पण तिथल्या मिलमधली सळई बांधकामाची. पिंजऱ्यासाठी सीमलेस (बिनजोडाचा) किंवा चांगला ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून विजेने जोडलेला) पाइपच हवा, आणि तो संभाजीनगरला वाळूज, चिकलठाण्याच्या पुरवठादारांकडे विचारावा. या मापाच्या पाइपाचं वजन मीटरला १.७ किलोच्या आसपास पडतं. एका सीटच्या बगीला ३५ मीटर लागला तर ५९ किलो. तुकडे वाया जातात, त्यामुळे ६ मीटरचे सात नग घ्या.

ते सातही नग आणण्याआधी एकच आणा आणि ही परीक्षा द्या. १५ सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या, एकाचं तोंड माशाच्या तोंडासारखं गोल घासून दुसऱ्यावर घट्ट बसवा आणि सगळीकडून वेल्ड करा. फट १ मिमीपेक्षा जास्त दिसली तर ती वेल्डने भरायची नाही, पुन्हा घासायचं. जोड थंड झाला की व्हाइसमध्ये धरून पाच किलोच्या घणाने आडवा करा. पाइप वाकला, चेपला, फाटला तरी जोड धरून राहिला पाहिजे. जोड सालीसारखा उचकटला तर अँपिअर कमी पडलं किंवा हात घाईत फिरला. असे दहा जोड सलग पास होईपर्यंत चेसिसला हात लावू नका. ते होणार नसेल तर टॅक (जागा धरून ठेवणारे छोटे टाके) लावण्यापर्यंतचं काम स्वतः करा आणि अखेरचं वेल्डिंग एमआयडीसीतल्या वेल्डरकडून करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. उलटणाऱ्या गाडीत तुमचं डोकं त्या जोडांच्या आत असतं.

टॅक झाल्यावर चेसिसचे दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिमीच्या आत असला पाहिजे. एका बाजूने सलग वेल्ड करत गेलात तर चेसिस खेचली जाते, म्हणून एक जोड इकडचा, एक तिकडचा असं फिरत राहा.

इंजिनासाठी जुनी मारुती बरी, कारण सुटे भाग तालुक्याला मिळतात. ८०० आणि ओम्नी दोन्हींत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, पण मांडणी वेगळी. ओम्नीचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं फिरवतं. ते लावायला सोपं, पण प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांपर्यंत जाणारा फिरता दांडा) आखूड करावा लागतो. तो नुसता लेथवर कापून जोडला तर वेगात थरथरतो. बॅलन्सिंग करून देणाराच गाठा. मागचे पाटे आठ माणसांच्या हिशेबाचे असतात. निम्म्या वजनाच्या बगीत ते मागचा भाग उडवतात आणि ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात. पाटे कमी करावे लागतात आणि ब्रेकही नव्याने जुळवून घ्यावे लागतात. ८०० चं इंजिन-गिअरबॉक्स आख्खं उचलून मागे बसवता येतं, पण मग तिची पुढची, वळणारी चाकं मागे येतात, म्हणून टाय रॉडच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्यांच्या) जागी दोन्ही बाजूंना सारख्या लांबीचे पक्के दांडे लावून ती चाकं वळणार नाहीत असं करावं लागतं. रेडिएटर पुढे राहिला तर पाण्याच्या लांब नळीत हवा अडकते. पाणी भरायचं तोंड सगळ्यात उंचावर नसेल तर ४२ डिग्रीच्या उन्हात दहा मिनिटांत इंजिन तापलंच.

गाडी घेताना आरसी, इंजिन नंबर, चेसिस नंबर जुळवा, कर्जाचा बोजा उतरलाय का पाहा आणि मालकाकडून कागदोपत्री नोंदणी रद्द करून घ्या. नुसतं भंगारवाल्याकडून इंजिन घेतलं तरी नंबरसह बिल घ्या, कारण चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस तुमच्याच दारात येतात.

बॉडी फायबरची करायची तर एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा: रेझिन (फायबरचा चिकट द्रव) घट्ट करणारे हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग एक ते दोन टक्के हार्डनर. ४५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) काचतंतूंच्या मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. मे महिन्यात दुपारी ते डब्यातच घट्ट होतं, तेव्हा पहाटे काम करा आणि एका वेळी थोडंच कालवा.

खर्च लिहिताना इंजिन आणि पाइप सगळेच धरतात. राहून जातात त्या ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, ८.८ छापाचे बोल्ट, ग्राइंडरच्या चकत्या, टायर आणि टेम्पोभाडं. सीट बेल्टचे बोल्ट तर जुन्या गाडीतलेच जपून ठेवा, ते ७/१६ इंची बारीक आट्याचे असतात आणि साध्या दुकानात सहसा मिळत नाहीत.

आणि रस्त्यावर चालेल अशीच गाडी हवी असेल, पण हाताने काहीतरी करायचंच असेल, तर कागद पूर्ण असलेली जुनी ८००, पद्मिनी किंवा जीप घेऊन ती मूळ रूपात नीट करा. पंधरा वर्षं झाली तरी तपासणी आणि हरित कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून नोंद करता येते, पण तिला रोजच्या वापराची परवानगी नसते. रंग बदलला तर आरसीवर चढवा. इंजिन बदलायचंच झालं तर त्याच प्रकारचं घाला, तेही आरटीओची आधी परवानगी घेऊन. गंज काढताना चेसिस नंबरच्या जागेवर ग्राइंडर फिरवू नका आणि जाड रंगही देऊ नका. तपासणीला त्या आकड्यांचा पेन्सिलने छाप घेतात, आणि एक आकडा पुसट निघाला तरी गाडी परत पाठवतात.