नव्या हार्ड डिस्कवर सॉफ्टवेअर हलवताना: काय न्यायचं, काय नव्याने टाकायचं

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की नवी डिस्क लावायची, ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधला जडसा फोल्डर कट करायचा आणि तिकडे पेस्ट करायचा, हा मोह जवळपास सगळ्यांनाच होतो. फोल्डर जातोही. आयकॉनवर क्लिक केल्यावर मात्र अमुक फाइल सापडत नाही असा संदेश येतो, किंवा काहीच घडत नाही.

याचं कारण, विंडोजमध्ये इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर एका फोल्डरात मावत नाही. मुख्य फाइल्स प्रोग्रॅम फाइल्समध्ये असतात, तुमच्या सेटिंग्ज ‘ॲपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, सगळ्या युजर्ससाठी लागणारा माल ‘प्रोग्रॅमडेटा’मध्ये, आणि काही फाइल्स थेट विंडोजच्या फोल्डरात. शिवाय पार्श्वभूमीला चालणाऱ्या सर्व्हिसेस असतात. या सगळ्याचे पत्ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, नोंदलेले असतात आणि ते सी ड्राइव्हचेच असतात. फोल्डर हलला तरी नोंदी जुन्याच राहतात.

तेव्हा आधी एकच ठरवा: जुनी डिस्क काढून तिच्या जागी नवी लावायची आहे, की दोन्ही संगणकात राहणार आहेत? पहिलं असेल तर सॉफ्टवेअर एकेक करून हलवायचा विचारही करू नका, अख्खी डिस्क क्लोन करा, म्हणजे तिची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवा. दुसरं असेल तर निवड करावी लागते. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

नवी डिस्क तयार करणे

महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप वेगळ्याच जागी घ्या. नव्या डिस्कवर घेतलेली प्रत इथे बॅकअप म्हणून धरायची नाही, कारण पुढे चूक झालीच तर ती बहुधा याच दोन डिस्कांवर होईल.

डिस्क विकत घेण्यापूर्वी मदरबोर्डचं मॅन्युअल बघा. मदरबोर्डवरच्या एम.२ नावाच्या जागेत बसणाऱ्या एसएसडी (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्क) दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला त्या सारख्याच, पण प्रत्येक जागा दोन्ही चालवते असं नाही.

संगणक बंद करून, वीज तोडून डिस्क जोडा. सुरू झाल्यावर विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्क कोरी असेल तर ती इनिशियलाइज करायला सांगितलं जातं. तिथे जीपीटी (डिस्कची विभागणी नोंदण्याची नवी पद्धत) निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. मग रिकाम्या जागेवर राइट क्लिक, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, फॉरमॅट एनटीएफएस, आणि एक ड्राइव्ह लेटर. हे अक्षर एकदा दिलं की बदलू नका, त्यावर टाकलेली सगळी सॉफ्टवेअर त्याच अक्षराच्या भरवशावर चालतात. याच कारणाने यूएसबीला लावायच्या बाहेरच्या डिस्कवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल करू नये.

क्लोन करणार असाल तर व्हॉल्यूम बनवण्याची गरज नाही. क्लोनिंगमध्ये नव्या डिस्कवरचं सगळं पुसूनच लिहिलं जातं.

जुनी डिस्क जाणार असेल तर: क्लोन

यात विंडोज, सॉफ्टवेअर, रजिस्ट्री, फाइल्स, सगळं आहे तसं नव्या डिस्कवर उतरतं. ड्राइव्ह लेटर सी-च राहतं, त्यामुळे कुठलाच पत्ता चुकत नाही.

एसएसडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आपल्या डिस्कसाठी क्लोनिंगचं साधन मोफत देतात. सॅमसंग, क्रुशियल आणि वेस्टर्न डिजिटल यांचं आहे. ते चालत असेल तर तेच वापरा. क्लोनझिला मोफत आणि भरवशाचं आहे, पण त्याचा पडदा जुन्या वळणाचा आहे आणि त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते. जुन्या लेखांमधून मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती सुचवलेली दिसेल. ती आता बंद झाली आहे.

सुरू करण्याआधी सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का ते बघा. कित्येक नव्या लॅपटॉपवर ते न विचारता चालू झालेलं असतं. असेल तर रिकव्हरी की (कुलूप उघडण्याचा लांबलचक आकडा) लिहून ठेवा आणि एन्क्रिप्शन बंद करून अख्ख्या डिस्कवरचं कुलूप निघेपर्यंत थांबा. जुनी डिस्क आवाज करत असेल किंवा मधूनच अडकत असेल, तर आधी कामाच्या फाइल्स बाहेर काढा, क्लोनचं नंतर बघू.

मग साधन उघडून ‘सोर्स’ म्हणून जुनी आणि ‘डेस्टिनेशन’ म्हणून नवी डिस्क निवडा. इथे घाई नको. नुसतं ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ वाचून पुढे जाऊ नका, मॉडेलचं नाव आणि आकार ताडून बघा. दिशा उलटी झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि हाती काही राहत नाही.

नवी डिस्क मोठी असेल तर उरलेली जागा सी ड्राइव्हला जोडण्याचा पर्याय क्लोन करतानाच निवडा. नंतर डिस्क मॅनेजमेंटमधून वाढवायला गेलात की ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ बहुतेकदा फिकट दिसतं, कारण सी ड्राइव्ह आणि रिकामी जागा यांच्या मधोमध विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन (दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला डिस्कचा भाग) बसलेलं असतं.

काम झालं की संगणक बंद करा, जुनी डिस्क काढा आणि फक्त नवीवर सुरू करून बघा. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्कांची ओळख एकच होते. दोन्ही एकदम लावल्या तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं, किंवा जुन्याच डिस्कवरून सुरू होतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

दोन्ही डिस्क राहणार असतील तर

सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ (विंडोज १० मध्ये ‘ॲप्स अँड फीचर्स’) इथे जाऊन यादी आकारानुसार लावा. बहुतेक यंत्रांवर पाच-सात नावंच खरी जागा खातात. बाकीची पन्नास-शंभर एमबीची मंडळी आहेत तिथे राहू द्या, त्यांना हलवून मिळते ती फक्त कटकट. अँटीव्हायरस, प्रिंटर आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर यांनाही हात लावू नका. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या आजच्या आवृत्त्या तर जागा विचारतच नाहीत, त्या विंडोज असलेल्या ड्राइव्हवरच बसतात.

आणखी एक गोष्ट लोक तपासत नाहीत: जड आहे ते सॉफ्टवेअर, की त्याने साठवलेला डेटा? फोटोशॉप हलवण्यापेक्षा त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘स्क्रॅच डिस्क’ (तात्पुरत्या फाइल्स ठेवायची जागा) नव्या ड्राइव्हवर नेणं सोपं असतं. संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या आभासी मशीनवर राइट क्लिक करून ‘मूव्ह’ म्हटलं की तिची भलीमोठी डिस्क फाइल दुसरीकडे जाते. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, व्हिडिओज या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ टॅब असतो, तिथून ते अधिकृतपणे हलवता येतात. अनेकांचा प्रश्न इथेच सुटतो आणि एकही सॉफ्टवेअर हलवावं लागत नाही.

तरीही हलवायचंच असेल, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेली ॲप्स सर्वांत सोपी. त्याच यादीत नावापुढच्या तीन टिंबांवर (विंडोज १० मध्ये थेट नावावर) क्लिक करा, ‘मूव्ह’ निवडा, ड्राइव्ह सांगा. ‘मूव्ह’ दिसतच नसेल किंवा फिकट असेल, तर ते ॲप या मार्गाने जाणार नाही. स्टीमवरच्या गेमसाठी गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’, आणि तिथे ‘मूव्ह इन्स्टॉल फोल्डर’. पोर्टेबल म्हणून मिळणारी, इन्स्टॉल न करता चालणारी सॉफ्टवेअर मात्र खुशाल कट-पेस्ट करा.

उरलेल्या सगळ्यांसाठी माझं मत सरळ आहे: काढा आणि पुन्हा टाका. कंटाळवाणं आहे, पण नंतर अपडेट अडत नाहीत. पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर काढण्यापूर्वी त्याचं लायसन्स ‘डीॲक्टिव्हेट’ करा, कारण काही कंपन्या मोजक्याच यंत्रांवर परवानगी देतात. लायसन्स की आणि स्वतः बनवलेले टेम्प्लेट, प्रीसेट, प्लगइन बाजूला काढा. मग सेटिंग्जमधूनच अनइन्स्टॉल करा (फोल्डर डिलीट करून नव्हे), संगणक रीस्टार्ट करा आणि इन्स्टॉलर चालवा. त्यात ‘नेक्स्ट’ दाबत सुटू नका. ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ निवडलं की जागेचा रकाना दिसतो, त्यातलं सी हे अक्षर बदलून नव्या ड्राइव्हचं अक्षर लिहा. क्रोमसारखे इन्स्टॉलर जागा विचारतच नाहीत, त्यांना सी ड्राइव्हवरच राहू द्या.

अगदीच अडलं तर: जंक्शन

इन्स्टॉलर हाताशी नाही, सॉफ्टवेअर जड आहे आणि ते हवंच आहे, अशा वेळी एक आडवाट आहे. फोल्डर नव्या ड्राइव्हवर न्यायचा आणि जुन्या जागी त्याच नावाचा दुवा ठेवायचा, यालाच जंक्शन म्हणतात. सॉफ्टवेअरला वाटतं आपण सी ड्राइव्हवरच आहोत.

सॉफ्टवेअर आणि त्याच्या सर्व्हिसेस बंद करा. फोल्डर नव्या ड्राइव्हवर कॉपी करा, कट नको. जुन्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा. स्टार्ट मेनूत कमांड प्रॉम्प्ट शोधून तो ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. कमांड आहे एमकेलिंक, एम के एल आय एन के ही इंग्रजी अक्षरं सलग. तिच्यापुढे स्लॅश आणि जे, मग जुन्या जागेचा (फोल्डरच्या मूळ नावासकट) पूर्ण पत्ता, मग नव्या जागेचा पूर्ण पत्ता, दोन्ही दुहेरी अवतरणात. आधी जुना, नंतर नवा, हा क्रम उलटा करू नका. सॉफ्टवेअर नीट चाललं, एकदा रीस्टार्ट करूनही चाललं, तरच नाव बदललेला जुना फोल्डर काढा.

हा उपाय एखाद्याच सॉफ्टवेअरपुरता ठेवा. अख्खा प्रोग्रॅम फाइल्स किंवा विंडोजचा फोल्डर असा हलवू नका. रजिस्ट्रीत प्रोग्रॅम फाइल्सची जागाच बदलून टाका असा सल्लाही कुठे कुठे दिसतो. मायक्रोसॉफ्ट त्या बदलाला पाठिंबा देत नाही आणि पुढे अपडेट बिघडले तर निस्तरणं अवघड जातं.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. रोजची सॉफ्टवेअर उघडून बघा, लायसन्स टिकलंय का, प्रिंट निघते का, मेल येतो का ते तपासा, एक-दोन विंडोज अपडेट होऊ द्या. नंतर ती डिस्क दुसऱ्या कुणाला देणार असाल तर ‘क्विक फॉरमॅट’ पुरत नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कला त्या चौकटीतली खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे सगळीकडे शून्यं लिहिली जातात. एसएसडी असेल तर ती बनवणाऱ्या कंपनीच्या साधनातला ‘सिक्युअर इरेज’ हा पर्याय वापरा.