गरिबीवरची एक कथा आणि एक कविता, तुलना कशी लिहायची

तुलनेचा प्रश्न आला की सगळे एकच सल्ला देतात, आधी साम्य लिहा मग फरक लिहा आणि जमलं तर कोष्टक काढा. कृपा करून हे करू नका. पान भरतं, पण दोन लेखकांनी घरातली हलाखी कशी पाहिली ते त्यात कुठेच येत नाही.

जोडी घेऊया अण्णा भाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं' ही कथा आणि नारायण सुर्वेंची 'दोन दिवस' ही कविता.

१. दोन्ही पूर्ण वाचा, कविता मोठ्याने वाचा.

२. कथेचा सारांश तीन ओळींत संपवा. वारणेकाठचा भीमा मुंबईत येऊन खाणीत कामाला लागतो, खाण बंद पडते, मग बायको-लेकीचं पोट भरायला तो रात्री मढी उकरून त्यांच्या अंगावरचं सोनं काढायला लागतो. बस. अर्धा पेपर गोष्ट सांगण्यात घालवू नका.

३. आता दृष्टिकोन. सगळे अडकतात ते इथेच, मीही बराच काळ अडकायचो. 'दोन्हीत गरिबीचं चित्रण आहे' हा विषय झाला, दृष्टिकोन नाही. दोन प्रश्न विचारा: हे दुःख कोण सांगतंय, आणि कधी सांगतंय?

कथेत सांगणारा बाहेरचा आहे आणि सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतंय. हलाखीला कारण आहे, खाण बंद पडली. कोणासाठी चाललंय तेही दिसतं, घरात बायको आहे, लेक आहे. शेवटी भीमाची बोटं कापावी लागतात आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते, म्हणजे या घराचं पोट कधी भरणार ते घराबाहेर कुणीतरी ठरवतंय. अण्णा भाऊ भीमाला चोर म्हणून मोकळे होत नाहीत ते यामुळेच.

कवितेत सांगणारा 'मी' आहे आणि तो मागे वळून आयुष्याचा हिशोब मांडतोय. 'दोन दिवस वाट पाहण्यात गेले. दोन दुःखात गेले', यात प्रसंग नाही, तारीख नाही, कुणी मालक नाही. आणि नीट बघा, कुटुंब तर कुठेच नाही! बायको नाही, मूल नाही, चूल नाही, आहे ती फक्त भाकरी, तीही चंद्राइतकी लांब. तरी मुलं बिनधास्त लिहितात की कवीने कुटुंबाची व्यथा मांडली आहे. जे कवितेत नाही ते घुसडू नका, उलट घर दिसत नाही हेच लिहा, कारण भाकरीच्या मागे आयुष्य गेलेल्या माणसाला हिशोबात घर मांडायलाही उसंत मिळालेली नाही असं मला तरी वाटतं.

४. दोन्हीकडे असलेली एकच वस्तू धरा. इथे ती हात आहे. सुर्वे म्हणतात 'हे हात माझे सर्वस्व. दारिद्र्याकडे गहाणच राहिले', पुढच्याच ओळीत ते हात कलम होतात. भीमाची बोटं खरोखरच जातात. पण कवितेतला माणूस पोलादासारखा शेकून निघतो आणि भीमा, ज्याने कोल्ह्यांशी झुंज घेतली तो दांडगा गडी, खाण सुरू झाली ऐकून लहान पोरासारखा रडतो, कारण दगड फोडायला हात लागतात आणि त्याचा हात आता अधू झालाय. एवढं नीट लिहिलंत तर कोष्टकाची गरजच पडत नाही.

५. लेखकांचं चरित्र एका वाक्यात. अण्णा भाऊ वाटेगावचे, तेही वारणेच्या खोऱ्यातलेच, सुर्वे अनाथ म्हणून वाढले आणि गिरणीत राबले. पण 'म्हणून त्यांना गरिबी कळली' असलं काही लिहू नका, पुरावा कथेतून आणि कवितेतूनच द्या.

६. शेवटी कुणाचं पाहणं तुम्हाला जास्त पटलं ते कारणासकट सांगा. माझं मत कथेच्या बाजूने आहे, कारण तिथे भूक कुठून आली ते कळतं. तुमचं वेगळं असलं तर बिनधास्त लिहा, फक्त कवितेतली ओळ दाखवून.