काठेवाड्यांच्या डेऱ्यावर जायचं असेल तर

होळी सरली, कापसाचा शेवटचा वेचा झाला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा पट्ट्यात टेकड्यांच्या पायथ्याशी काठेवाड्यांचे डेरे पडतात. हे मूळचे कच्छकडचे रबारी, मेंढरं घेऊन फिरणारे. पण कित्येकांच्या पिढ्या विदर्भातच फिरण्यात गेल्या, बोलतात आपल्यासारखंच. शहरातले पाहुणे दर उन्हाळ्यात "डेरा दाखवा" म्हणतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

डेरा नकाशात सापडत नाही. स्टँडवरच्या चहावाल्याला विचारा, "मेंढरं कोणाच्या वावरात बसली?" रात्री मेंढरं बसली की वावराला लेंडीखत मिळतं, त्याचा सौदा आधीच ठरलेला असतो. त्या वावरवाल्याला सोबत घ्या.

गाडी पांदणीवरच, म्हणजे वावराकडं जाणाऱ्या गाडीवाटेवरच ठेवा आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर थांबून हाक मारा. कुत्रे मोकळे असतात. पहिल्या खेपेला मी ओळखीच्या तोऱ्यात थेट आत शिरलो नि पँटचा पाय फाडून घेतला. डेऱ्यातली म्हातारी आधी पोटभर हसली, मग सुईदोरा घेऊन बसली. ती पँट विरली, टाका काही उसवला नाही.

जायची वेळ म्हणजे दिवस बुडायच्या अर्धा तास आधी. दुपारी माणसं मेंढरांमागे टेकडीवर असतात. डेऱ्यात खाटांवर रचलेल्या गोधड्या, सावलीला बाया, जाळीत कोकरं. मेंढरं धुऱ्याशी आली की जाळीतून ओरडा सुरू होतो, तिकडून आया उत्तर देतात. जाळी उघडली की धुळीत नुसता गोंधळ. मेंढी प्रत्येक पिलाचा वास घेते, परकं असलं तर ढुशी देते. थोड्या वेळात गलका मिटतो, शेपट्या तेवढ्या हलत राहतात. एखादं चुकलंच तर बाई त्याला काखेत धरून बरोबर त्याच्या आईपाशी नेऊन सोडते. मला अजून दोन मेंढ्यांतला फरक कळत नाही. या वेळी मधे उभं राहू नका, मोबाईल खिशात ठेवा.

नेताना संत्री न्या, पोरं खूश होतात, गूळ-चहापत्तीही चालते. दूध त्यांचं. चहाला नाही म्हणू नका. मेंढ्या किती, हे मात्र विचारू नका. आपल्याला कोणी बँकेत किती आहेत विचारलं तर? आणि जंगलात घेऊन चला असा हट्ट नको. बोर व्याघ्र प्रकल्प जवळ आहे, चराईवरून त्यांच्यामागे आधीच कटकटी असतात.

आपल्याच वावरात मेंढरं बसवायचा विचार असेल तर शेवटची फवारणी कधी केली ते खरं सांगा. फवारलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या पाल्यानं जनावर दगावतं.

सामान लादायचं पाहायचं असेल तर पहाटेच या. उंट बसवतात, खाटा, भांडी, वर कोकरं, कधी लहान पोरही. उन्हं वर यायच्या आत वावर रिकामं. पुढचा मुक्काम आदल्या रात्रीच विचारून ठेवा. गावाचं नाव नाही सांगणार, वावरवाल्याचं सांगतील.